ऑनलाइन बँकिंगची सुरुवात: आधी शाखेत जा, मग फोन हातात घ्या

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेब बघतो. कित्येक वर्षं माझा आठवड्यातला एक अख्खा दिवस बँकेत जायचा. सूतवाल्याचा चेक भरा, मोठी रक्कम पाठवायची आरटीजीएसची स्लिप लिहा, पगाराची यादी द्या, पासबुक छापून घ्या. २०२० च्या टाळेबंदीत शाखेच्या दाराबाहेर चुन्याचे गोल आखले होते. मी उन्हात त्या गोलात उभा होतो आणि माझी पाळी यायच्या आत काउंटर बंद झाला. त्याच आठवड्यात घरी बसून नेटबँकिंग शिकलो. शिकवायला कोणी नव्हतं. चुका झाल्या, एकदा पैसेही भलतीकडे गेले. तो प्रसंग पुढे सांगतो.

तेव्हापासून आमच्या गल्लीत बऱ्याच जणांना सुरू करून दिलंय. विडी वळणाऱ्या बायका आहेत, यंत्रमागावरचे कामगार आहेत, घरून शेंगा चटणी आणि कडक भाकरी विकणारं एक जोडपं आहे. एक गोष्ट दर वेळी दिसते. माणूस फोनला घाबरतो, पण फोनवर अडत नाही. अडतो तो बँकेत नोंदवलेल्या मोबाइल नंबरावर. म्हणून या लेखात मी फोनच्या आधी शाखेत जायला सांगणार आहे. ती एक फेरी टाळू नका.

१. आधी ठरवा, तुम्हाला नेमकं काय हवंय

‘ऑनलाइन बँकिंग’ म्हणून लोक तीन वेगळ्या गोष्टी सांगतात.

नेटबँकिंग म्हणजे बँकेची वेबसाइट. युजर आयडी आणि पासवर्ड टाकून आत जायचं. स्टेटमेंट काढणं, मुदत ठेव करणं, मोठी रक्कम पाठवणं, ही कामं इथे सोयीची.

मोबाइल बँकिंग म्हणजे तुमच्याच बँकेचं अ‍ॅप. स्टेट बँकेचं योनो, बँक ऑफ महाराष्ट्रचं महामोबाइल, असं प्रत्येकाचं वेगळं.

यूपीआय म्हणजे क्यूआर कोड किंवा मोबाइल नंबरावर पैसे देणं-घेणं. भीम, फोनपे, गूगल पे ही त्याची अ‍ॅप. ही अ‍ॅप म्हणजे बँक नव्हे. पैसे तुमच्या खात्यातच असतात, अ‍ॅप फक्त निरोप पोचवतं.

नुसतं भाजीवाल्याला पैसे द्यायचे असतील तर यूपीआय पुरे. पण माझा सल्ला असा, की आधी बँकेचं अ‍ॅप घ्या आणि महिनाभर फक्त शिल्लक आणि आलेले-गेलेले पैसे बघा. बघायची सवय लागली की द्यायची भीती आपोआप कमी होते.

आपल्या सोलापुरात नागरी सहकारी बँका पुष्कळ आहेत. त्यातल्या सगळ्यांकडे ही सोय सारखी नसते. कुठे सगळे व्यवहार होतात, कुठे फक्त शिल्लक पाहता येते. शाखेत सरळ विचारा, ‘तुमच्या अ‍ॅपवरून पैसे पाठवता येतात, की फक्त खातं दिसतं?’ आणि पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. पतसंस्थेतलं खातं यूपीआयला जोडायला जाऊन कित्येक जण तास-तास घालवतात. त्यासाठी बँकेतलंच खातं लागतं.

२. शाखेतली फेरी

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून सविस्तर सांगतो.

आमच्या शेजारी अक्का राहतात. जन्मभर विड्या वळल्या. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे आलेत का, एवढंच बघायला त्या रिक्षाने बँकेत जायच्या. पासबुक छापून आणायच्या आणि घरी येऊन कोणाकडून तरी वाचून घ्यायच्या. त्यांना अ‍ॅप सुरू करून द्यायला बसलो, तर ओटीपी (बँकेने मेसेजने पाठवलेला, एकदाच चालणारा आकडा) काही येईना. तीनदा प्रयत्न केला. मग कळलं, की खातं उघडताना त्यांच्या मुलाने स्वतःचा नंबर दिला होता. मुलगा पुण्याला गेला, नवं सिम घेतलं, जुन्यात रिचार्ज करणं सोडून दिलं. रिचार्ज न केलेलं सिम काही महिन्यांनी बंद होतं आणि नंतर तोच नंबर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते. म्हणजे अक्कांच्या खात्याचे ओटीपी कोणा अनोळखी माणसाच्या फोनवर जाण्याची वेळ आली होती.

म्हणून शाखेत गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारायचा: ‘माझ्या खात्याला कुठला मोबाइल नंबर आहे?’ मुलाचा, जावयाचा, मालकाचा किंवा खातं उघडून देणाऱ्या एजंटाचा असेल तर त्याच दिवशी बदलायचा अर्ज द्या. तुमच्या खात्याला तुमचाच नंबर हवा आणि ते सिम तुमच्याच फोनमध्ये हवं.

बरोबर न्यायची कागदपत्रं:

- पासबुक
- आधार कार्ड, मूळ आणि झेरॉक्स
- पॅन कार्ड (नसेल तर त्याऐवजी वेगळा फॉर्म भरून घेतात)
- पासपोर्ट साइझ दोन फोटो
- एटीएम कार्ड. नसेल तर त्याचा अर्ज तिथेच द्या
- मोबाइल, ज्यात तेच सिम चालू आहे. नुसता नंबर लिहून नेऊ नका

त्याच फेरीत आणखी चार गोष्टी विचारून घ्या.

एक, केवायसी, म्हणजे ओळखीच्या कागदांची पडताळणी, पूर्ण आहे का. आपल्याकडे नावाचा घोळ फार होतो. पासबुकावर ‘नरसय्या’, आधारवर ‘नरसिंह’. कुणाचं आडनाव इंग्रजीत दोन ठिकाणी दोन तऱ्हेने लिहिलेलं. तोंडी सगळं एकच, पण मशीनला ती दोन माणसं वाटतात. आधारवरचं नाव चुकीचं असेल तर आधी ते दुरुस्त करा, मग बँकेतलं.

दोन, खातं चालू आहे का. दोन वर्षांहून जास्त काळ तुम्ही स्वतः काही व्यवहार केला नसेल तर खातं निष्क्रिय होतं. ते पुन्हा चालू करायला केवायसी द्यावी लागते, पण त्यासाठी बँक पैसे घेऊ शकत नाही. कोणी मागितले तर नियम दाखवायला सांगा.

तीन, खातं जोडखातं असेल तर ते कसं चालवायचं ठरलंय. ‘दोघांपैकी कोणीही’ असं असेल तर अडचण नाही. ‘दोघांच्या सहीने’ असेल तर यूपीआय आणि अ‍ॅपवरून पैसे पाठवणं साधारणपणे मिळत नाही.

चार, सरकारी योजनेचे पैसे येत असतील तर आधार कुठल्या खात्याला जोडलंय. आधारमार्फत येणारे पैसे सगळ्यात शेवटी ज्या बँकेत आधार जोडलं, त्या खात्यात जातात. नवीन खातं उघडताना संमतीच्या चौकटीवर सही केली की जोडणी तिकडे सरकते आणि बाई जुनं पासबुक घेऊन ‘हप्ता आलाच नाही’ म्हणून फिरत राहते. आधारच्या वेबसाइटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ म्हणून पर्याय आहे, तिथे बँकेचं नाव दिसतं.

नंबर बदलल्यावर लगेच अ‍ॅप उघडू नका. नोंद झाल्याचा मेसेज बँकेकडून येऊ द्या. एखाद-दुसरा दिवस लागतो.

३. फोन तयार करणं

फोन महागडा लागत नाही. स्क्रीन लॉक मात्र हवाच, आकड्यांचा किंवा बोटाच्या ठशाचा. फोन कुणाचा जुना वापरलेला असेल तर आधी सगळं पुसून नव्यासारखा करून घ्या, नाहीतर आधीच्या माणसाचं खातं त्यातच राहतं.

अ‍ॅप फक्त प्ले स्टोअर किंवा अ‍ॅपलच्या अ‍ॅप स्टोअरमधूनच घ्यायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फाइलमधून कधीही नाही. नाव टाइप केलं की सारख्या दिसणाऱ्या चार-पाच अ‍ॅपची रांग येते, तेव्हा खाली बारीक अक्षरात बनवणाऱ्याचं नाव असतं ते वाचा. तिथे बँकेचं नाव पाहिजे.

वेबसाइट वापरणार असाल तर पत्ता स्वतः टाइप करा. रिझर्व्ह बँकेने बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटाचे पत्ते घ्यायला लावले, त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत होती. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो, त्यामुळे खरी साइट ओळखायला हे चांगलं झालंय.

४. अ‍ॅपमध्ये नोंदणी

अ‍ॅप उघडलं की ते तुमच्या फोनमधून एक एसएमएस आपोआप बँकेकडे पाठवतं. नोंदवलेलं सिम याच फोनमध्ये आहे का, हे ते त्यावरून तपासतं. इथे तीन अडचणी हमखास येतात.

फोनमध्ये दोन सिम असतात आणि अ‍ॅप चुकीच्या सिमवरून मेसेज पाठवतं. बँकेतलं सिम निवडा. तरी जमत नसेल तर दुसरं सिम तेवढ्यापुरतं काढून ठेवा.

रिचार्जमध्ये एसएमएस नसतात किंवा मुदत संपलेली असते. येणारे फोन चालू असतात, नेट वायफायवर चालतं, म्हणून माणसाला वाटतं सगळं ठीक आहे. पण मेसेज जातच नाही आणि अ‍ॅप नुसतं गोल फिरत राहतं. आमच्या गल्लीत दहापैकी तीन-चार जणांचं इथेच अडलं होतं.

अ‍ॅपने एसएमएसची परवानगी मागितली आणि घाबरून ‘नको’ दाबलं. बँकेचंच खरं अ‍ॅप असेल तर ही परवानगी द्यावी लागते. मात्र कर्ज देतो म्हणणारं कुठलं तरी अ‍ॅप तुमचे फोन नंबर आणि फोटो मागत असेल, तर ते तिथल्या तिथे काढून टाका.

पुढे बँक ओळख पटवते. कुठे एटीएम कार्डाचा नंबर आणि पिन मागतात, कुठे पासबुकावरचा ग्राहक क्रमांक, कुठे आधारचा ओटीपी. हे सगळं तुम्ही स्वतः, अ‍ॅपच्या आत टाकायचं. फोनवर कोणाला वाचून दाखवायचं नाही. कार्ड नसलेल्यांना काही बँका शाखेतून युजर आयडी देतात, त्यासाठी वेगळा फॉर्म असतो.

५. पासवर्ड आणि पिन

एटीएमचा पिन वेगळा, अ‍ॅप उघडायचा पिन वेगळा, यूपीआयचा पिन वेगळा. नवखा माणूस या तिघांत गोंधळतो आणि चुकीचा पिन टाकत बसतो. सलग काही वेळा चुकला की बहुतेक ठिकाणी त्या दिवसापुरतं कुलूप लागतं. लागू द्या, घाबरू नका, दुसऱ्या दिवशी नीट बसून करा.

जन्मसाल, मोबाइलचे शेवटचे चार आकडे, गाडीचा नंबर, १२३४ हे पिन ठेवू नका. पिन लक्षात राहत नाही ही वयस्कर माणसांची खरी अडचण आहे, तिला हसू नये. घरी एका वहीत लिहून ती कपाटात कुलपाखाली ठेवली तरी चालेल. पण कार्डाच्या पाकिटावर, फोनच्या कव्हरात, किंवा फोनमध्येच ‘बँक पिन’ नावाने लिहून ठेवणं म्हणजे किल्ली दाराला लटकवून गावाला जाणं. ओटीपी तर कोणालाच सांगायचा नाही, बँकेच्या माणसालासुद्धा नाही.

६. पहिला रुपया

यूपीआय सुरू करायला अ‍ॅपमध्ये बँक निवडायची. नंबर जुळला की खातं आपोआप दिसतं. मग एटीएम कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदत टाकून, किंवा आधारचा ओटीपी घेऊन, चार किंवा सहा आकडी यूपीआय पिन ठरवायचा. नव्याने सुरू केल्यावर पहिल्या २४ तासांत साधारण ५,००० रुपयांपर्यंतच पाठवता येतात. ही तुमच्या भल्यासाठी ठेवलेली मर्यादा आहे. नंतर सर्वसाधारण मर्यादा दिवसाला १ लाख रुपयांची, बँक त्याहून कमीही ठेवू शकते.

पहिला व्यवहार एक रुपयाचा करा, आणि समोर बसलेल्या माणसाला करा.

अक्कांनी मला पाठवला होता. ओट्यावर आम्ही दोघं बसलो. मी फोन हातात घेतला नाही, सगळं त्यांच्याच बोटाने. तंबाखूने पिवळं पडलेलं बोट स्क्रीनवर उमटेना, म्हणून त्यांनी ते पदराला पुसलं आणि पुन्हा दाबलं. माझा नंबर टाकला, वर माझं नाव आलं. मी म्हटलं, ‘थांबा अक्का, आधी नाव वाचा.’ त्यांनी एकेक अक्षर लावत वाचलं. मग १ टाकला, पिन टाकला. निळ्या पडद्यावर बरोबरची खूण आली, माझ्या फोनला टिंग झालं.

‘गेला का ओ अण्णा रुपया?’

‘गेला की. आता तुमची शिल्लक बघा, एक रुपया कमी झालाय का.’

त्यांनी बघितली. मग तोच रुपया मी परत पाठवला आणि विचारलं, ‘आता हा घ्यायला पिन टाकावा लागला का?’ नाही लागला. हे मला त्यांना तोंडी सांगायचं नव्हतं, दाखवायचं होतं. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. शिल्लक बघणं सोडलं, तर पिन टाकला म्हणजे पैसे जाणार. पुढे एकदा कोणीतरी फोन करून ‘तुमचे पाच हजार आलेत, घ्यायला पिन दाबा’ म्हणालं, तेव्हा अक्कांनी फोन ठेवून दिला. त्या एका रुपयाचा एवढा उपयोग झाला.

घरात कोणाला शिकवत असाल तर हात जोडून विनंती आहे, त्यांच्या हातातून फोन घेऊ नका. ‘आण इकडे, मी करतो’ म्हटलं की काम पाच मिनिटांत होतं, पण माणूस शिकत नाही. उद्या त्याला हवं तेव्हा तो दुसऱ्या कुणाच्या तरी हातात फोन आणि पिन दोन्ही देतो.

साधा बटनाचा फोन असेल तर \*९९# डायल करून शिल्लक बघता येते आणि थोडे पैसेही पाठवता येतात. नेट लागत नाही. अनेक बँकांत मिस कॉल दिला की शिल्लक मेसेजने येते, तो नंबर शाखेतल्या फलकावर असतो.

७. मोठी रक्कम पाठवताना

सूतवाल्याला, कॉलेजच्या फीला, घराच्या इसाऱ्याला पैसे पाठवायचे तर नेटबँकिंग किंवा अ‍ॅपमधून खाते क्रमांकावर पाठवा. तीन मार्ग दिसतील.

एनईएफटी: दर अर्ध्या तासाच्या तुकडीत पैसे जातात. डिसेंबर २०१९ पासून रात्रंदिवस, सुट्टीच्या दिवशीही चालू. बचत खात्यातून ऑनलाइन केलं तर शुल्क नाही.

आयएमपीएस: लगेच जातात, ५ लाखांपर्यंत. काही बँका थोडं शुल्क घेतात.

आरटीजीएस: २ लाख आणि त्यावरच्या रकमेसाठी. तेही डिसेंबर २०२० पासून चोवीस तास.

आधी समोरच्याचं नाव ‘लाभार्थी’ म्हणून जोडावं लागतं. खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड लागतो. कोड अकरा अक्षरांचा असतो: पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं नेहमी शून्य, पुढची सहा शाखेची. पाचव्या जागी इंग्रजी ‘ओ’ टाकून लोक अडतात, तिथे शून्यच असतो. नवीन लाभार्थ्याला लगेच मोठी रक्कम जात नाही, बँक काही तास थांबवते किंवा कमी मर्यादा ठेवते. त्यामुळे फीची शेवटची तारीख असेल त्या दिवशी लाभार्थी जोडायला बसू नका. दोन दिवस आधी जोडून ठेवा.

आता माझी चूक. एका सूत व्यापाऱ्याला १२,४०० रुपये पाठवताना खाते क्रमांकातले दोन आकडे उलटे पडले. नाव मी बरोबर लिहिलं होतं, म्हणून निर्धास्त होतो. पण पैसे खाते क्रमांकावर जमा होतात, तुम्ही लिहिलेलं नाव जुळवलं जात नाही. पैसे तिसऱ्याच माणसाच्या खात्यात पोचले. शाखेत लेखी अर्ज दिला, त्यांनी समोरच्या बँकेला कळवलं. त्या खातेदाराच्या संमतीशिवाय बँक त्याच्या खात्यातून रक्कम काढून देऊ शकत नाही. तो भला माणूस निघाला, तीन आठवड्यांनी पैसे आले. ते तीन आठवडे मी नीट झोपलो नाही. पैसे कारखान्याचे होते.

आता एनईएफटी आणि आरटीजीएस करण्याआधी खातेदाराचं खरं नाव दाखवण्याची सोय बँकांना द्यावी लागते, १ एप्रिल २०२५ ही त्याची मुदत होती. ते नाव वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि नव्या माणसाला आधी एक रुपया, त्याचा ‘आला’ असा फोन, मगच बाकीची रक्कम. मी आजही असंच करतो.

८. बिलं

हे सोपं आहे. महावितरणचा ग्राहक क्रमांक बिलावर असतो, तो एकदा टाकला की दर महिन्याला रक्कम आपोआप दिसते. गॅस, मोबाइल, विम्याचा हप्ता, सगळं असंच. महापालिकेचा कर भरल्यावर पावती डाउनलोड करून ठेवा. आपोआप पैसे कापून घ्यायची परवानगी सुरुवातीला कोणालाच देऊ नका.

ऑनलाइन खरेदीला कार्ड चालत नाही म्हणून खराब समजू नका. नवीन कार्डावर ऑनलाइनची सोय बंदच असते, ती अ‍ॅपमधून तुम्हाला चालू करावी लागते. मर्यादाही तिथेच ठरवता येते. परदेशातले व्यवहार बंदच राहू द्या.

९. फसवणूक कशी येते

मेसेज येतो, ‘बिल थकलंय, आज रात्री वीज तोडणार, या नंबरावर फोन करा.’ फोन केला की ‘एक अ‍ॅप घ्या, लगेच होईल’ म्हणतात. ते अ‍ॅप तुमची स्क्रीन त्यांना दाखवतं. तुम्ही पिन टाकता, तो त्यांना दिसतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका, आरटीओचं चलान, पीएम किसानची यादी, अशा नावाने फाइल येते. नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर उघडू नका. ती पत्रिका नसते, अ‍ॅप असतं. ते तुमचे एसएमएस वाचून ओटीपी पुढे पाठवतं. ओळखीच्या माणसाच्या नंबरावरून आली तरी उघडायची नाही, कारण त्याचा फोन आधीच गेलेला असू शकतो.

बँकेचा ग्राहक सेवा क्रमांक गूगलवर शोधू नका. तिथे भामट्यांनी टाकलेले नंबर असतात. कार्डाच्या मागच्या बाजूला, पासबुकावर किंवा बँकेच्या स्वतःच्या साइटवर असतो तोच खरा. व्यवहाराबद्दल ग्राहकांना फोन करायला बँकांना १६०० ने सुरू होणारे नंबर ठरवून दिलेत. साध्या दहा आकडी मोबाइलवरून ‘मी बँकेतून बोलतोय’ म्हटलं तर फोन ठेवा आणि स्वतः शाखेत विचारा.

पोलिसाच्या वेशात व्हिडिओ कॉल करून ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली’ म्हणतात. अशी अटक कुठल्याही कायद्यात नाही. एकटं बसून ऐकत राहू नका, शेजाऱ्याला हाक मारा.

दुकानदारांनी गिऱ्हाइकाच्या फोनवरचा हिरवा पडदा बघून माल देऊ नये. खोटा पडदा दाखवणारी अ‍ॅप आहेत. चटणी विकणारं जोडपं गड्ड्याच्या यात्रेत असंच दोनदा फसलं. आता ते स्वतःच्या फोनवर पैसे आल्याचं दिसल्यावरच पुडा हातात देतात. गर्दीत आपल्या क्यूआर कोडवर कोणी दुसरा कागद तर चिकटवला नाही ना, हेही सकाळी एकदा बघून घ्या.

आणि तरुण पोरांसाठी कळकळीने लिहितो. कारखान्याच्या गेटवर, चहाच्या टपरीवर कोणी विचारतं, ‘तुझं खातं वापरायला दे, महिन्याला चार-पाच हजार देतो. पासबुक, कार्ड आणि सिम दे फक्त.’ देऊ नका. फसवणुकीचे पैसे तुमच्या खात्यातून फिरवले जातात. खातं गोठतं, त्यात तुमचा पगार अडकतो, आणि चौकशीला नोटीस तुमच्याच नावावर येते. खात्याच्या फॉर्मखाली सही तुमची असते.

१०. पैसे गेले तर

आधी ओळखा, व्यवहार अडकलाय की चोरी झालीय.

यूपीआय किंवा आयएमपीएसवर पैसे कापले गेले पण समोरच्याला मिळाले नाहीत, तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. दुकानदाराला क्यूआरवर दिलेल्या पैशांसाठी ही मुदत पाच दिवसांची. त्यापुढे उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे. अडकलेला व्यवहार लगेच दुसऱ्यांदा करू नका. आधी शिल्लक बघा, नाहीतर दोनदा जातात.

चोरी असेल तर रडत बसायला वेळ नाही. क्रम असा:

- १९३० वर फोन करा. सायबर फसवणुकीसाठीचा हा देशभराचा नंबर आहे. जितक्या लवकर कराल, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त.
- बँकेला फोन करून कार्ड, यूपीआय, नेटबँकिंग बंद करायला सांगा. तक्रार क्रमांक मागून लिहून घ्या.
- व्यवहाराचा मेसेज, वेळ, रक्कम, यूटीआर (त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक) यांचे फोटो ठेवा. मेसेज पुसू नका.
- राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवा.
- शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोचेची सही-शिक्का घ्या.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक तुमची नसेल, बँकेचीही नसेल, आणि मेसेज आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर काही बोजा येत नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये सोसावे लागतात. पण ओटीपी किंवा पिन तुम्ही स्वतः सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंत गेलेली रक्कम तुमची. म्हणून लाजेपोटी दोन दिवस घरात लपवू नका. आमच्याकडे बायका नवऱ्याच्या भीतीने लपवतात, मुलं बापाच्या भीतीने. घरच्यांनीही आधी फोन लावावा, रागवायचं ते नंतर.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार फुकट करता येते. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

११. फोन हरवला तर

बाजारात, एसटीत, यात्रेत फोन जातो. तेव्हा सगळ्यात आधी सिम बंद करा, कारण ओटीपी त्यावरच येतात. दुसऱ्याच्या फोनवरून कंपनीच्या ग्राहक सेवेला सांगा. मग बँकेला. मग पोलिसांत तक्रार, आणि संचार साथी पोर्टलवर फोन ब्लॉक करण्याची नोंद. यासाठी आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, लागतो. तो आजच \*#०६# डायल करून बघा आणि पासबुकाच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. बँकेचा खरा ग्राहक सेवा क्रमांकही तिथेच लिहा. फोन हरवल्यावर फोनमधले नंबर काय कामाचे?

त्याच नंबराचं दुसरं सिम दुकानातून मिळतं, पण ते चालू झाल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात. म्हणजे ओटीपी येणार नाही आणि अ‍ॅपही सुरू होणार नाही. सिममध्ये बिघाड समजून दुकानात भांडायला जाऊ नका, नियमच तसा आहे. त्या दिवशी कोणाला पैसे द्यायचे असतील तर पासबुक आणि आधार घेऊन शाखेत जा आणि पैसे काढायची स्लिप भरा.